मोर्च्याआधीचं मालेगाव

फेब्रुवारी २०१८मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात तिहेरी तलाकसंबंधीच्या विधेयकाला विरोध करत मुस्लीम स्त्रियांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा पुरोगामी महाराष्ट्राला १८ एप्रिल १९६६ आठवणं साहजिक होतं. त्या दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रिया तोंडी तलाक बंद करा म्हणत मुंबईत विधानभवनावर गेल्या होत्या. या तुलनेचा निकाल ठरलेलाच असतो: त्या सात जणी आल्या, मालेगावच्या आणल्या गेल्या. सात जणींचं धाडस कुठल्याही गर्दीहून मोठं होतं, यात शंका नाही. (पुढाकार तिथेही पुरुषाचाच होता, हे मात्र सोयीने विसरलं जातं.) पण ‘आणल्या गेल्या’ हे विधान मालेगावचा इतिहास न पाहता केलेलं आहे.

गाव विणकरांचं. १८५७नंतर उत्तरेतून आलेले मोमीन इथे स्थिरावले आणि त्यांच्या मागांवर मराठी बायकांची लुगडी निघू लागली. मागावर पुरुष बसे. सूत उकलणं, कांड्या भरणं घरच्या बायकांकडे, तेही बिनमजुरीचं. घरच कारखाना असल्यामुळे पडद्यातली बाईही धंद्याबाहेर नव्हती. तिचं नाव तेवढं कुठल्या हिशेबात नव्हतं. पुढे मुलींच्या उर्दू शाळा आल्या, ‘जामिअतुस्सालिहात’सारखा मुलींचा मदरसा आला. शिकलेल्या बाईने शेजारच्या मुलींना कुराण शिकवायचं, बायकांचा इज्तेमा भरवायचा, हे वळण त्यातून पडलं. संस्थेची पाटी नाही, ठरावांची वही नाही, म्हणून अशा कामाला ‘संघटना’ म्हणायला आपला अभ्यासक कचरतो. पुण्यात १९७१मध्ये झालेल्या मुस्लीम महिला परिषदेचे ठराव त्याला सापडतात, गल्लीतली बैठक सापडत नाही.

आक्षेप असा, की हाक मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाची होती आणि मागणीही त्यांचीच. खरं आहे, आणि ती मागणी मला पटत नाही. पण हाक कोणी दिली आणि ती पोचवली कोणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुम्याच्या नमाजाला मशिदीत प्रामुख्याने पुरुषच असतात; मिंबरावरचं आवाहन बाईच्या थेट कानी पडत नाही. घरातले पुरुष निरोप आणतील, पण कधी निघायचं, कोणासोबत जायचं, लेकरं कोणाकडे ठेवायची, हे बायकांनीच आपसात ठरवायचं असतं. एवढा जमाव उभा राहतो तो आधीपासून असलेल्या ओळखींवर.

हाच वाद महापालिकेतही आहे. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. २०१९मध्ये ताहेरा शेख मालेगावच्या महापौर झाल्या. त्यांचे पती रशीद शेख माजी आमदार, त्यामुळे खुर्ची नावापुरती अशी कुजबुज ओघाने आलीच. घराण्याचं राजकारण आहेच, पण ते बारामतीतही आहे, आणि तिथल्या स्त्रियांच्या कर्तृत्वाची झडती आपण इतक्या कसोशीने घेत नाही.