वनस्पतींतील कार्बन डाय-ऑक्साइड ग्रहण

प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेतून किंवा पाण्यातून हरितलवकांपर्यंत पोहोचणे आणि तेथे कार्बनी संयुगांत बांधला जाणे, ही क्रिया. झाडाच्या सुक्या वजनाचा मोठा भाग मातीतून नव्हे, तर या वायूतून आलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण मात्र सुमारे ०.०४ टक्केच आहे.

पानावर मेणचट उपत्वचा असल्याने वायूला आत शिरायला पर्णरंध्रांखेरीज फारशी वाट नसते. बहुतेक झाडांत ही रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात; पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या पानांत ती वर असतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात व त्यांचा आकार सामान्यतः घेवड्याच्या दाण्यासारखा असतो. उजेड पडला की त्यांत पोटॅशियमचे आयन शिरतात, त्यांच्यामागून पाणी येते, पेशी फुगून बाकदार होतात आणि मधली फट उघडते. पाणी कमी पडले की ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकामुळे ती मिटते.

आत आलेला वायू पेशींच्या ओल्या भित्तींवर विरघळून हरितलवकांत जातो. अडचण येथेच आहे : ज्या फटीतून वायू आत येतो, तिच्यातूनच पाण्याची वाफ बाहेर पडते. भात, गहू यांसारख्या वनस्पतींत कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे काहीशे रेणू गमवावे लागतात.

हरितलवकात रुबिस्को हे विकर हा वायू पाच कार्बनी शर्करेला जोडते आणि तीन कार्बनी आम्लाचे दोन रेणू तयार होतात. मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन व सहकाऱ्यांनी बर्कली येथे किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून हे चक्र उलगडले; १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या कॅल्विन यांना मिळाले. एवढ्या महत्त्वाचे हे विकर कामात अगदी संथ आहे. सेकंदाला ते मोजकेच रेणू हाताळते, शिवाय कधी कधी कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते. उष्णता वाढली की ही गफलत वाढते आणि बांधलेला काही कार्बन पुन्हा निसटतो.

उष्ण प्रदेशांतील अनेक गवतांनी यावर तोड काढली. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांत दुसरे एक विकर वायू आधी चार कार्बनी आम्लात बांधते. ते आम्ल शिरांभोवतीच्या आच्छद पेशींत जाते, तेथे वायू सुटतो आणि रुबिस्कोला तो दाट प्रमाणात मिळतो. हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरील प्रयोगांतून हा सी-४ मार्ग मांडला. हवाईतील संशोधकांना त्याचा सुगावा आधीच लागला होता.

निवडुंग, अननस, घायपात यांची रीत वेगळी. त्यांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठतो आणि दिवसा रंध्रे मिटलेली असताना वापरला जातो. याला कॅम मार्ग म्हणतात. त्याची एक जुनी व नेमकी नोंद आपल्याकडची आहे. दक्षिण हिंदुस्थानात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ च्या पत्रात लिहिले की, पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर लागतात. उपकरणाविना, केवळ जिभेने केलेले हे निरीक्षण आजही खरे ठरते.

बुडालेल्या पाणवनस्पती विरघळलेला वायू पानाच्या सर्व पृष्ठभागातून घेतात. हायड्रिलासारख्या काही बायकार्बोनेटही वापरतात.

सी-४ पिके पाणी काटकसरीने वापरतात म्हणजे त्यांना पाणी कमी लागते, असे मात्र नाही. सोलापूरकडची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निभावते. त्याच मार्गाचा ऊस महाराष्ट्रात १२ ते १८ महिने शेतात उभा असतो आणि त्याची एकूण गरज कितीतरी अधिक भरते.