बाणाईचं लग्न

इंग्रजीत 'इलोपमेंट' म्हणजे पूर्वी पळून जाणं. आता त्या शब्दाचा अर्थ बदललाय. नवरा, नवरी, दोन-चार माणसं, एक फोटोग्राफर आणि डोंगर. पायात बूट घालून कडा चढायचा, वर शपथा घ्यायच्या आणि खाली आलं की घरच्यांना फोटो पाठवायचे. आमच्या भाचीनेही असंच मनात घेतलंय. येडशीच्या आसपास बालाघाटातला एखादा माळ बघायचा आणि पंधरा माणसांत लग्न उरकायचं. त्यावरून घरात काय काय चाललंय ते नातेवाईकांना नव्याने सांगायला नको. गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच वाक्य बोलतात, "आपल्यात असं नसतं." थोरली मंडळी तक्रार म्हणून बोलतात आणि भाची अभिमानाने.

मला मात्र राहून राहून वाटतं, आपल्यात असं असतं. माणसांत नसेल, पण देवांत तरी आहेच.

आपल्या खंडोबाचंच घ्या. त्याच्या दोन लग्नांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. पहिलं लग्न म्हाळसेशी. ती नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक. हे लग्न कराड तालुक्यातल्या पालीला लागलं. तिथे आजही दर वर्षी पौष शुद्ध द्वादशीला, गोरज मुहूर्तावर ते लागतं. तारळी नदीच्या काठी लाखो माणसं जमतात आणि सगळा आसमंत भंडाऱ्याने पिवळा होतो. थोडक्यात, थोरल्यांना हवं तसं लग्न.

दुसरं बाणाईशी. ती धनगराची पोर. गावागणिक गोष्ट थोडी बदलते, पण वाघ्या-मुरळी जागरणात सांगतात ती साधारण अशी. देव म्हाळसेशी सारीपाट खेळला आणि हरला. पैजेप्रमाणे त्याला घर सोडावं लागलं. मग वेष पालटून तो चंदनपुरात बाणाईच्या वाड्यावर गडी म्हणून राहिला आणि मेंढरं राखू लागला. एक दिवस त्याने सगळी मेंढरं मारून टाकली, आणि पुन्हा जिवंत केली ती लग्नाच्या बोलीवर. घरच्या बायकोला या कशाचा पत्ताच नाही! आपल्या जिल्ह्यात सांगतात, की हे लग्न नळदुर्गाला लागलं. येडशीहून धाराशिव, तुळजापूर करत दक्षिणेला गेलं की नळदुर्ग येतं. म्हणजे भाचीला हवं तसं लग्न आपल्याच जिल्ह्यात आणि आपल्याच देवाने करून ठेवलंय.

रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी खंडोबावर पुष्कळ लिहिलं आहे. सोन्थायमर यांच्या मांडणीत म्हाळसा म्हणजे स्थिर झालेला समाज, पेठ, शेती; आणि बाणाई म्हणजे रान, कुरण, फिरता कळप. देव दोघींचा नवरा झाला म्हणून दोन्हीकडची माणसं त्याच्या पायरीशी येऊ लागली. येडशीच्या माळावर मेंढ्यांचे कळप पाहत वाढलेल्याला हे पटायला वेळ लागत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला खरं बोलायचंय ते पुढच्या भागाबद्दल. देव बाणाईला घेऊन जेजुरीला आला आणि भांडण पेटलं. म्हाळसा आणि बाणाई यांच्या झगड्याची गाणी हा जागरणातला सगळ्यात रंगणारा भाग. शेवटी वाटणी झाली. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी राहिली आणि बाणाई गडाच्या अर्ध्या वाटेवर. जेजुरीच्या पायऱ्या चढताना मध्येच तिचं देऊळ लागतं ना, ते हेच. लग्न खरं, प्रेम खरं, पण घरात जागा मिळाली ती अर्ध्या डोंगरावर. लोककथेने ही किंमत लपवलेली नाही.

रुक्मिणीचंही तसंच. कौंडिण्यपूरच्या या राजकन्येने स्वतः निरोप धाडला आणि गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनाला गेली असताना कृष्णाच्या रथात बसली. पैठणच्या एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. चांगला नवरा मिळावा म्हणून घरोघरच्या मुलींना वाचायला देतात ती हीच पोथी. पळून जाण्याची गोष्ट वाचायची ती ठरवून लग्न व्हावं म्हणून! आपल्या आज्यांना हा विरोधाभास कधी खटकला नाही.

मग लग्नाला लागतं तरी काय? मला वाटतं, साक्षीदार. इंग्लंडात १७५४ पासून लागू झालेल्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांना आईबापाच्या संमतीशिवाय लग्न अवघड केलं. स्कॉटलंडात मात्र दोन साक्षीदारांसमोर कबुली दिली की पुरे. म्हणून जोडपी हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीनला धावायची आणि लोहाराच्या ऐरणीपुढे उभी राहायची. इकडे पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीरावांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजी नव्हता, खर्च थोडका होता, पण जमलेल्या माणसांसमोर शपथा झाल्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. शिवाय जादा फी भरली तर विवाह अधिकारी कचेरीबाहेर, वाजवी अंतरावर येऊ शकतो. म्हणजे डोंगरावरसुद्धा कायद्याची आडकाठी नाही. माणसं मात्र लागतात.

आणि आकड्याचं म्हणाल, तर एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती, मोडलं तर ५० हजार दंड. त्या काळात लागलेली लग्नं काही कच्ची राहिली नाहीत. तेव्हा हजार पानं उठली नाहीत म्हणून लग्न उणं, हे मला मान्य नाही. लग्नापायी जमीन गहाण पडलेली घरं आपल्या ओळखीत कमी आहेत का?

पण थोरल्यांची भीतीही खोटी नाही. मांडवातली गर्दी नुसती जेवायला येत नाही. उद्या संसारात काही वेडंवाकडं झालं तर "आम्ही होतो तिथे" असं म्हणणारी ती माणसं असतात. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत खंडोबाची एकच मूर्ती आलटून पालटून मुक्काम करते, आणि ती हलवताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामालाही कुणीतरी साक्षी लागतो, तिथे पोरीच्या लग्नाचं काय?

म्हणून भाचीला एवढंच सांगणं आहे. रामलिंगच्या रानात नको. ते १९९७ पासून अभयारण्य आहे, आपल्या शपथांसाठी तिथल्या जनावरांची झोप मोडायला नको. अभयारण्याबाहेर माळ पुष्कळ आहेत. माणसं पंधराच ने, हरकत नाही. पण कडा असा निवड, की आजीला गाडीने वरपर्यंत येता येईल, आणि त्या पंधरांत पहिलं नाव तिचं लिही. तिने अक्षता टाकल्या की बाकीची भांडणं आम्ही खाली मिटवू.

आणि थोरल्यांना विनंती, की आपल्या घरच्या जागरणात बाणाईची गोष्ट कशी सांगायचे ते आठवून तिला सांगा. नाही म्हणायच्या आधी.