करवीर राज्य : वारणेच्या तहापासून विलीनीकरणापर्यंत

छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर (१७००) महाराणी ताराबाईंनी पुत्र शिवाजी यांच्या नावे मोगलांशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परतले. त्यामुळे गादीचा वाद उभा राहिला. शाहूंनी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक करविला, तर ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी स्थापन केली. हीच करवीर राज्याची सुरुवात होय. १७१४ मध्ये राजसबाईंनी आपले पुत्र संभाजी यांना गादीवर बसविले. पुढे १७३१ मध्ये झालेल्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांतील सीमा निश्चित झाली. वारणा नदीच्या दक्षिणेकडील मुलूख करवीरकडे आला आणि एकाचे नोकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असेही ठरले.

राज्याचा सर्व प्रदेश मात्र छत्रपतींच्या थेट अमलाखाली नव्हता. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी आदी जहागिरींचे अधिपती आपापल्या मुलखात वसूल व न्यायाचे अधिकार चालवीत. गडांची जबाबदारी गडकऱ्यांवर असे आणि त्याबद्दल त्यांना वंशपरंपरागत जमिनी मिळत.

वारणेचा तह दोन मराठी सत्तांमधील होता. त्यानंतरच्या करारांचे स्वरूप निराळे होते. १८१२ च्या कराराने करवीरला इंग्रजांचे संरक्षण मिळाले; त्याच्या मोबदल्यात मालवण सोडावे लागले आणि इतर राज्यांशी परस्पर युद्ध करण्याचा अधिकार गेला. १८२६ ते १८२९ या काळातील करारांनी सैन्यावर मर्यादा आली व कारभारी नेमण्यातही इंग्रजांचा शब्द अंतिम ठरू लागला.

१८३८ नंतर छत्रपती अल्पवयीन असताना कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपविला जाताच पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्कावर घाला येत असल्याची भावना बळावली. १८४४ मध्ये सामानगड व भुदरगडावर उठाव झाला. तो मोडून काढल्यावर अनेक गडांची तटबंदी पाडण्यात आली. १८५७ मध्ये कोल्हापुरातील शिपायांनीही बंड केले. त्यात सहभागाच्या संशयावरून छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीस पाठविण्यात आले.

१८६२ च्या कराराने कारभाराचे अधिकार छत्रपतींना परत मिळाले, परंतु अटींसह. मोठ्या जहागीरदारांवरील महत्त्वाचे अधिकार इंग्रजांनी आपल्याच हाती ठेवले. १८७० मध्ये राजाराम महाराजांचा फ्लॉरेन्स येथे, तर १८८३ मध्ये चौथ्या शिवाजी महाराजांचा अहमदनगर येथे मृत्यू झाला. दरम्यानचा बराच काळ राज्य इंग्रज अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली चालले.

१८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतला. सैन्य व परराष्ट्र संबंध यांवर त्यांचे नियंत्रण नव्हते. नोकरभरती, शिक्षण, पाटबंधारे व व्यापारपेठा ही क्षेत्रे मात्र हाती होती. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने राज्यातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. युद्ध, सैन्य आणि कारभारी निवडण्याचे अधिकार एकेका कराराने गमावलेल्या या राज्याची ओळख अखेर उरलेल्या अधिकारांचा वापर कोणासाठी झाला, यावरून ठरली.