ठाण्याची खाडी आणि तिची होडी

आमच्या इतिहासलेखनाची एक जुनी खोड आहे. तें किल्ल्यांपाशीं रेंगाळतें आणि पाण्यापाशीं येतांच घाईनें पलीकडे जातें. ठाण्याची खाडीच पाहा. पूर्वेस पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशीं महापें, पुढें घणसोली व ऐरोली. पश्चिमेस साष्टी बेट. आणि मधोमध वादळापासून बहुतांशीं सुरक्षित असा हा जलमार्ग.

समुद्राचे असे आडोशाचे फांटे म्हटले कीं, नॉर्वेच्या फ्योर्डांची आठवण होते. ते हिमनद्यांनीं कोरलेले; सोग्नेफ्योर्ड तर तेराशें मीटरांहून अधिक खोल. ग्रीनलंडच्या फ्योर्डांतून इन्युइट शिकारी सीलच्या कातड्याची कयाक दुपाती वल्ह्यानें चालवीत. आमच्या खाडीची प्रकृति अगदीं उलट. उधाणाच्या भरतीला चार मीटरांवर पाणी चढावें आणि ओहोटीला कोसभर चिखल उघडा पडावा! येथें वल्ह्याच्या जोरापेक्षां तिथीचें ज्ञान अधिक कामाचें. उधाण कोणतें, भांग कोणती, हें ज्यास पाठ नाहीं त्याची होडी तिवरांच्या मुळांत अडकलीच म्हणून समजावें.

हें ज्ञान ज्याच्या बाजूस, साष्टी त्याची, असें आम्ही म्हणतों. १७३७ सालीं चिमाजी आप्पांचें लष्कर खाडी ओलांडून ठाण्यांत उतरलें, तेव्हां पोर्तुगीजांचा तेथील किल्ला अर्धवट बांधलेला होता. अपुऱ्या तटाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु घोडदळांत वाढलेली सेना होड्यांवांचून त्या तटापाशीं पोहोंचली असती काय? नावाड्यांना या विजयाच्या वर्णनांत जागा क्वचितच मिळते. दोन वर्षांनीं वसई पडली. पुढें डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं हाच किल्ला हल्ला करून घेतला. त्यांत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन प्राणांस मुकला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

तोफांनीं जें झालें नाहीं तें पुलांनीं केलें. १८५४ सालीं आगगाडी खाडीवरून कल्याणास गेली. १९७३ मध्यें वाशीचा पूल झाला, १९९९ मध्यें ऐरोलीचा. महाप्याच्या शेतांच्या जागीं कारखाने आले, आणि खाडी हा रस्ता न राहतां रस्त्याखालील पाणी झाली. पुलावरून जाणाऱ्यास भरती कीं ओहोटी, याची विचारपूस करण्याचें कारणच उरलें नाहीं.

तरीहि आगरी-कोळ्यांच्या होड्या तिवरांच्या कडेनें मासळीसाठीं फिरतात. २०१५ सालीं खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला आणि २०२२ मध्यें तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. ऐरोलीहून वनखात्याच्या होडींत बसून आतां लोक रोहित पाहावयास जातात. सुटण्याची वेळ मात्र घड्याळ ठरवीत नाहीं. पाणी किती चढलें तें पाहूनच नावाडी दोरी सोडतो.