फोटोतल्या गणवेशाची साक्ष

जर्मनीत गणवेशातल्या तरुणाचा फोटो नाही असे जुने घर विरळाच. सक्तीची लष्करभरती आणि दोन महायुद्धे, यामुळे पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ असे घरोघरचे पुरुष कधी ना कधी त्या कोटात शिरले. पुष्कळ फोटोंच्या मागे ना नाव, ना तारीख. सांगणारी माणसे गेली; उरला तो अंगावरचा गणवेश. आम्हा बेळगावकरांना हे परके वाटू नये. मराठा पलटणीच्या या गावात कितीतरी घरांच्या भिंतीवर असाच एक फोटो आहे. म्हणून जर्मन घराण्यांनी आपल्या फोटोंना कसे बोलते केले, ते यंदा वाचकांपुढे ठेवत आहोत.

तिकडे या कामाला महत्त्व आले त्यामागे एक दुर्घटना आहे. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पॉट्सडॅम शहरावर बॉम्बवर्षाव झाला आणि तिथला लष्करी दफ्तरखाना जळाला. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियन शिपायांच्या बहुतेक नोंदी त्यात नाहीशा झाल्या. बव्हेरियाचे दफ्तर म्युनिकला होते, ते वाचले. पणजोबा बव्हेरियन पलटणीत असतील तर त्यांची नोंद सापडण्याची आशा आहे; प्रशियन असतील तर पुष्कळदा घरातला फोटो हाच दस्तऐवज.

त्यामुळे पहिला प्रश्न, राज्य कोणते? १८७१ मध्ये जर्मनी एक झाला तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग या राज्यांच्या फौजांनी आपापल्या खुणा राखल्या. साध्या कापडी टोपीवर पुढे दोन गोल बिल्ले असतात. वरचा साम्राज्याचा, तो सगळ्यांना सारखा. खालचा राज्याचा. प्रशियाचा काळा-पांढरा-काळा, बव्हेरियाचा पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनीचा पांढरा-हिरवा-पांढरा. फोटो कृष्णधवल असला तरी खालच्या बिल्ल्याची बाहेरची कड गडद आहे की फिकी, हे भिंगातून दिसते. कड गडद असेल तर बव्हेरिया आणि सॅक्सनी दोन्ही बाद झाली, एवढे तरी कळते.

मग काळ. टोकदार शिरस्त्राण प्रशियाने १८४२ मध्ये आणले. प्रशियन तोफखान्याच्या शिरस्त्राणावर टोकाऐवजी गोळा असे. युद्धात त्यावर कापडी खोळ आली आणि खोळीवर पलटणीचा आकडा. १९१५ मध्ये नवा कोट निघाला, त्याची पुढची बटणे कापडाच्या पट्टीखाली झाकलेली असत. १९१६ पासून पोलादी शिरस्त्राण आले. म्हणून झाकलेल्या बटणांचा कोट दिसला की फोटो १९१५ च्या आधीचा नाही. उलट मात्र म्हणता येत नाही. उघड्या बटणांचा जुना कोट नंतरही वापरात राहिला. गणवेशावरून ‘याच्या आधीचा नाही’ हे ठामपणे सांगता येते. ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगताना जपावे लागते.

खांद्यावरची पट्टी सर्वांत बोलकी. तिच्यावर पलटणीचा आकडा किंवा राजघराण्याची अक्षरे असतात. पट्टीच्या कडेने दोरंगी पिळाची दोरी दिसली तर तो तरुण ‘एक वर्षाचा स्वयंसेवक’. शिकलेल्या मुलाने कपड्यालत्त्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च स्वतः सोसायचा आणि बदल्यात एकच वर्ष नोकरी करायची, अशी ती सवलत होती. म्हणजे बोटभर दोरीवरून घरची सांपत्तिक स्थिती आणि मुलाचे शिक्षण दोन्ही कळतात. मागचा स्टुडिओचा छापही पाहावा. तो छावणीच्या गावचा असू शकतो, तसाच रजेवर आलेल्या मुलाच्या गावचाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोंपाशी मात्र नातवंडांचा हात थरथरतो. आजोबा कोण होते, हा तिथला खरा प्रश्न. सैन्याच्या कोटावर गरुड उजव्या छातीवर असतो, हवाईदलाचा गरुड उडत्या पवित्र्यात असतो, आणि वाफेन-एसएसचा डाव्या दंडावर. रणगाडा दलाचा पोशाख काळा आणि कॉलरवर कवटी. तो पाहून पुष्कळांना आजोबा एसएसमध्ये होते असे वाटते, पण ते सैन्याचेच रणगाडेवाले असतात. दंडावर फावड्याचा बिल्ला असेल तर तो शिपाईच नव्हे. सक्तीच्या श्रमसेवेतला पोरगा आहे. रेल्वे आणि टपालखात्यालाही गणवेश होते.

पण खूण सापडली म्हणजे न्याय झाला असे नाही. १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरवले. ‘अत्याचार एसएसने केले, सैन्य स्वच्छ होते’ या समजुतीला त्याने धक्का दिला आणि देशभर वादळ उठले. पुढे काही इतिहासकारांनी दाखवून दिले की काही फोटोंखालची माहिती चुकीची आहे. काहींतले मृत सोव्हिएत गुप्त पोलिसांचे बळी आहेत. १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवून तज्ज्ञांची समिती नेमली. तिने १४३३ फोटो तपासले. प्रदर्शनात नको होते असे फोटो वीसहून कमी निघाले आणि मूळ प्रतिपादन खरे ठरले. तरी त्या मोजक्या फोटोंनी साऱ्या कामावर संशय ओढवला. सैन्याचा गरुड म्हणजे निर्दोष असे नाही, आणि फोटोखाली लिहिलेली ओळ म्हणजे पुरावाही नाही.

या जर्मन गणवेशात आपली माणसेही आहेत. उत्तर आफ्रिकेत कैद झालेल्या हिंदी शिपायांतून नेताजींच्या प्रेरणेने जर्मनीत आझाद हिंद फौज उभी राहिली. जर्मन सैन्यात तिचा क्रमांक ९५०. कोट जर्मन, छातीवर जर्मन गरुड, आणि उजव्या दंडावर तिरंगी ढालीत झेप घेणारा वाघ व ‘स्वतंत्र भारत’ अशा अर्थाची जर्मन अक्षरे. शिखांच्या डोक्याला फेटा. त्याच युद्धात इटलीत जर्मनांशी लढताना १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन कोट, दोन निष्ठा. नुसत्या कोटावरून माणूस जोखायला गेलो तर दोघांवरही अन्याय होईल.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडच्या फोटोंतही खांद्यावर पलटणीची धातूची अक्षरे असतात, टोपीवर बिल्ला असतो, छातीवर पदकांच्या फिती असतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आप्तांकडे संस्थानी फौजांचे फोटो असतील. फोटो चौकटीतून हलक्या हाताने काढून मागची बाजू पाहा. दोन्ही बाजू स्कॅन करा. नाव, नाते, गाव मऊ पेन्सिलीने मागे लिहा, आणि अंदाज असेल तर ‘अंदाज’ असेच लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना यंदाच्या गणपतीत, सगळे जमलेले असताना, तो फोटो दाखवून विचारा. जर्मनीत दफ्तर जळाले तेव्हा ज्या घरांनी फोटोमागे दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्यांच्या माणसाचे नाव तरी राहिले.