अदोबो : नाव स्पेनचे, चव फिलिपिन्सची

फिलिपिनी उपाहारगृहात 'अदोबो' मागवला की त्या स्पॅनिश नावामुळे तो पदार्थ स्पेनचाच असावा, असे आपण मानतो. इतिहास निराळे सांगतो. स्पॅनिश लोकांनी १५६५ साली सेबू बेटावर वसाहत केली, त्यापूर्वीच तेथील लोक मांस शिरक्यात शिजवीत. उष्ण हवेत ते त्यामुळे टिके. १६१३ साली पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी आपल्या तगालोग शब्दकोशात शिरक्यातील अशा पदार्थाला 'स्थानिकांचा अदोबो' म्हटले. परिचित शब्द त्यांनी अपरिचित अन्नाला दिला. पुढे चिनी व्यापाऱ्यांमुळे आलेला सोया सॉस त्यात मिसळला. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर तेथील घरी मांडला जाणारा 'लेचे फ्लान' मात्र खरोखर स्पेनचा. तोही फिलिपिनी गृहिणी वाफेवर शिजविते.

आपल्याला हे परके वाटू नये. पोर्तुगीजांचे मद्य-लसणाचे मांस गोव्यात आले, मद्याच्या जागी माडीचा शिरका पडला आणि विंदालू झाला. फिलिपिन्समध्येही माडीचाच शिरका वापरतात. स्पेनचे राज्य तेथून १८९८ साली गेले, नाव राहिले. परंतु नाव देणारा म्हणजे निर्माता नव्हे, हे आपण ताटावर बसताना स्मरावे. अनाम गृहिणींचे ऋण त्याने थोडे तरी फिटेल.