आईने घेतलेला अर्थ



मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेले होते. पिशवी घेऊन बाजारात जायची अमळनेरची सवय तिथेही सुटली नाही. लंडन ब्रिजजवळ रेल्वेच्या पुलाखाली बरो मार्केट म्हणून जुना बाजार आहे. वाटाण्याच्या शेंगा, चेरी, अंजीर बघून डोळे निवले. गिलकं तेवढं दिसलं नाही. पण मासळी आणि मांसही तिथेच. नाकाला पदर लावून भराभर पुढे गेले, आणि एकीने चाखायला दिलेला चीजचा तुकडा घाईत तोंडात टाकला. नात म्हणाली, "आजी, यात रेनेट असेल ना?" रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून काढतात ते, दूध घट्ट करायला. विचारलं, तर होतं. चूक माझीच, आधी विचारायला हवं होतं.

रात्री झोप लागेना. प्रताप कॉलेजात बी.कॉम. करताना वाचलेली गांधीजींची आत्मकथा आठवली.

1888 साली मोहनदासला विलायतेला पाठवायला पुतळीबाई तयार नव्हत्या. मार्ग काढला तो बेचरजी स्वामींनी. मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मुलाकडून मद्य, मांस आणि परस्त्रीपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली, तेव्हा आईने होकार दिला. मुलगा अठरा वर्षांचा. बोटीवर तो बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर राहिला. लंडनच्या घरात बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या. पावाचा आणखी तुकडा मागायची लाज वाटे. रोज दहा-बारा मैल पायपीट करून स्वस्तातल्या खानावळीत पोटभर पाव खायचा, तरी समाधान नाही. असं भटकताना एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली. तिथेच एका शिलिंगला हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक घेतलं आणि विलायतेत आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला. (कंदमुळांचा नियम त्याला नव्हता हो! बटाटा वगळून तिथे जेवायचं म्हणजे काय, ते आपल्यालाच ठाऊक.)

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. तिथल्या काही शाकाहारी मंडळींच्या मते अंडं हे मांस नव्हतं. ते ऐकून मोहनदासने काही दिवस अंडी खाल्ली. मग त्याच्या मनात आलं, प्रतिज्ञा दिली ती आईला, मग मांस म्हणजे काय हे आईच्या समजुतीने ठरणार. तिच्या लेखी अंडं मांसातच होतं. अंडी बंद झाली. शिवाय शाकाहारी खानावळीतसुद्धा कशात अंडं आहे ते विचारून घ्यावं लागे, कारण बऱ्याच पुडिंगांत आणि केकमध्ये ते असायचं.

त्याआधी पाच वर्षं, 1883 मध्ये, आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याही अठराच वर्षांच्या. फिलाडेल्फियात साडी आणि शाकाहार सांभाळून 1886 ला डॉक्टर झाल्या. थंडी आणि अनोळखी आहार त्यांना सोसला नाही. क्षयाने गाठलं आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. एकविसाव्या वर्षी! नियम सांभाळणं काहींना किती महाग पडलं, हे मी हातातल्या पिशवीकडे बघत मोजत होते. आमच्यासाठी तर लेकीच्या फ्रीजमध्ये मूगडाळही होती.

दोन दिवसांनी नातीला घेऊन फॅरिंग्डनला गेले. तिथून चार पावलांवर स्मिथफील्ड, लंडनचा घाऊक मांसबाजार. त्याची आजची इमारत 1868 ची, म्हणजे मोहनदास आला तेव्हा वीस वर्षांची. व्यवहार रात्री आणि पहाटे चालतात, म्हणून आम्ही गेलो तेव्हा सामसूम होती. एवढ्या मोठ्या मांसबाजाराच्या शेजारी त्याला जेवण मिळालं होतं, हे मी नातीला सांगितलं.

तिने विचारलं, "आणि तुझं चीज?"

"म.सा. भेटले की सांगेन. काल आयंबील केलं."

परतताना एका बेकरीत ती माझ्या आधी पुढे झाली. काउंटरवरच्या मुलीला तिने अंडं, जिलेटिन, रेनेट सगळं विचारलं. मुलगी आत गेली, पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली आणि त्यावरची यादी नातीने मला मोठ्याने वाचून दाखवली.